परदेशात घरात रेंज नाही म्हणून बूस्टर लावताय? मग निदान क्रम तरी चुकवू नका

मे महिना जवळ आला की आमच्या ठाण्याच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक प्रश्न हमखास पडतो. लेकीकडे किंवा मुलाकडे सहा महिने चाललोय, तिकडे बेसमेंटची खोली दिलीये, छान आहे, पण फोनला रेंजच नाही, बँकेचा ओटीपी येत नाही, इथून बूस्टर घेऊन जाऊ का? मग उत्तरांचा पाऊस. कुणी लॅमिंग्टन रोडच्या दुकानाचा पत्ता टाकतं, कुणी ऑनलाइनची लिंक, कुणी म्हणतं माझ्या मेव्हण्याने नेला होता काय झालं नाही. आणि नेणारे घेऊन जातात, तो चालत नाही, मग तिकडे नवा घेतात, तोही नीट चालत नाही, कारण पहिल्यापासून क्रमच उलटा झालेला असतो. डबा आधी आणि मोजमाप नंतर.

उदाहरणं मी मुख्यतः अमेरिकेची घेतलीयेत कारण आपल्याकडची बरीच मंडळी तिकडेच जातात, पण पायऱ्या सगळीकडे याच.

सुरू करण्याआधी

बूस्टर रेंज बनवत नाही. बाहेरचा अँटेना टॉवरचा सिग्नल पकडतो, मधला डबा तो वाढवतो, आतला अँटेना खोलीत सोडतो, आणि आपण बोललो की हेच उलट्या दिशेने होतं. म्हणजे छपरावर, अंगणात, निदान वरच्या मजल्याच्या खिडकीत तरी थोडी रेंज पाहिजेच. आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार.

अजून एक, वायफाय एक्सटेंडर म्हणजे मोबाइल बूस्टर नव्हे. दोन्ही डबे दिसायला सारखे, दुकानात एकाच फळीवर, आणि लोक एक्सटेंडर आणून लावतात मग म्हणतात रेंजच्या कांड्या वाढल्याच नाहीत. त्या वाढणारच नाहीत, तो फक्त वायफाय पुढे ढकलतो.

१. इथून नेऊ नका, आणि येताना तिकडचा आणू नका

पहिलं कारण कायद्याचं. परवानाधारक टेलिकॉम कंपन्या सोडून कुणीही मोबाइल सिग्नल बूस्टर किंवा रिपीटर बाळगणं, विकणं, वापरणं भारतात बेकायदेशीर आहे, दूरसंचार विभागाने हे २०२२ च्या जुलैमध्ये परत एकदा स्पष्ट सांगितलंय. दुकानात मिळतो, ऑनलाइन घरपोच येतो, म्हणून तो कायद्यात बसतो असं नाही. मुलाने घर बदललं म्हणून त्याचा जुना बूस्टर बॅगेत टाकून घोडबंदरच्या किंवा खारघरच्या फ्लॅटमध्ये लावायचा हा विचारही सोडून द्या. आणताना कस्टममध्ये अडकला तर तिथे हुज्जत, लावल्यावर आजूबाजूच्या टॉवरला त्रास झाला तर माग काढत माणसं घरी येतात. इथे घरात रेंज नसेल तर कंपनीकडे लेखी तक्रार करा आणि सोसायटीमार्फत कंपनीलाच इमारतीत सोय करायला सांगा, तो रस्ता लांबचा आहे पण तोच आहे.

दुसरं कारण बँडचं, म्हणजे मोबाइल ज्या लहरींवर चालतो त्यांच्या ठरलेल्या पट्ट्यांचं, आणि हे लोकांना पटवणं सगळ्यात कठीण जातं. इथे मिळणाऱ्या डब्यावर बहुतेक ९००/१८००/२१०० (मेगाहर्ट्झ) असं छापलेलं असतं. अमेरिकेत मोबाइल कंपन्या मुख्यतः ६००, ७००, ८५०, १९०० आणि १७००-२१०० ची जोडी वापरतात. कुणी म्हणेल २१०० तर दोन्हीकडे आहे की. आहे, पण नीट बघा. आपल्याकडे २१०० मध्ये फोन टॉवरशी १९२० ते १९८० मेगाहर्ट्झमध्ये बोलतो आणि टॉवर फोनशी २११० ते २१७० मध्ये. अमेरिकेत २११० च्या पुढे टॉवरच बोलतो, पण त्याला उत्तर द्यायला फोन १७१० च्या पुढचा पट्टा वापरतो. म्हणजे नुसता आपला २१०० वाला बूस्टर तिकडे लावला तर टॉवरचा आवाज वाढतो, फोनचं उत्तर वाढतच नाही. फोनवर पाच कांड्या आणि कॉल लावला की लागत नाही, लागला तर समोरच्याला आपलं काही ऐकू जात नाही. वर आणखी, १९३० ते १९९० हा तिकडे टॉवरने फोनशी बोलायचा पट्टा आहे आणि आपला डबा नेमका त्यातच घरातून बाहेरच्या दिशेने जोर लावत बसतो. शेजारपाजारच्यांच्या फोनची वाट लागू शकते.

इंग्लंड, युरोपात ९००, १८००, २१०० हे आपल्यासारखेच आहेत आणि शिवाय ८०० आणि २६०० आहेत, त्यामुळे डबा तिकडे सुरू होईलही, पण परवानगीचा प्रश्न उरतोच, तो पुढे सांगतो.

तिसरं साधं कारण विजेचं. अमेरिकेत १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ, आपल्याकडे २३० आणि ५०. अडॅप्टरवर इनपुट १००-२४० लिहिलं असेल तर ठीक, नसेल तर पिन बदलणारा कन्व्हर्टर लावून काही होत नाही, तो फक्त पिनेचा आकार बदलतो, व्होल्ट नाही.

२. निघण्याआधी घरीच करायची कामं

ही पायरी लोक सोडतात, आणि खरं सांगायचं तर अर्ध्या लोकांना बूस्टर लागत नाही हे इथेच कळतं.

१) इंटरनॅशनल रोमिंग इथूनच चालू करून घ्या. विमानात बसल्यावर किंवा तिकडे उतरल्यावर करू म्हणालात तर अॅपमध्ये शिरायला ओटीपी लागतो आणि ओटीपी यायला रोमिंग लागतं, बसा मग. येणाऱ्या एसएमएसचे पैसे लागतात का, पॅक संपल्यावर काय होतं, हे कंपनीला विचारून लिहून घ्या. डेटा रोमिंग मात्र फोनमधून बंदच ठेवा.

२) फोनचे बँड बघा. सेटिंग्जमध्ये अबाउट फोनमध्ये पूर्ण मॉडेल नंबर असतो, तो कंपनीच्या साइटवर टाकून ४जी आणि ५जीचे बँड वाचा, तिथे पट्ट्यांना मेगाहर्ट्झऐवजी क्रमांक दिलेले असतात. अमेरिकेसाठी २, ४ किंवा ६६, ५, १२, १३ आणि ७१ यातले जितके जास्त तितकं चांगलं. भारतात विकल्या जाणाऱ्या स्वस्त फोनमध्ये १२, १३, ७१ बरेचदा नसतात, आणि लांबवर आणि घराच्या आतपर्यंत पोचतात ते नेमके हेच. जो बँड फोनलाच कळत नाही तो बूस्टरने कितीही वाढवला तरी उपयोग शून्य. मुलाच्या फोनला त्याच खोलीत रेंज आहे आणि बाबांच्या फोनला नाही, याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. अशा वेळी बूस्टरवर खर्च करण्यापेक्षा मुलाचा जुना फोन बाबांना देणं कितीतरी शहाणपणाचं.

३) व्होएलटीई, म्हणजे ४जीवरून कॉल करायची सोय, चालू आहे का बघा. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी २०२२ मध्ये ३जी बंद केलं, ऑस्ट्रेलियात २०२४ च्या ऑक्टोबरपर्यंत शेवटचंही बंद झालं. म्हणजे कॉल जाणार तो ४जीवरूनच. फोनचं व्होएलटीई रोमिंगमध्ये चालत नसेल तर कांड्या दिसतील, कॉल होणार नाही.

४) वायफाय कॉलिंगची, म्हणजे टॉवरऐवजी वायफायवरून कॉल करायची, तालीम करा. घरी एरोप्लेन मोड लावा, मग फक्त वायफाय चालू करा, फोनच्या सिम सेटिंगमध्ये वायफाय कॉलिंग ऑन करा, आणि शेजारच्या खोलीतून एक कॉल आणि बँकेचा एक ओटीपी मागवून बघा. इथे आला म्हणजे तिकडे येईलच असं नाही कारण परदेशातून वायफाय कॉलिंगचे नियम आणि दर प्रत्येक कंपनीचे वेगळे आहेत, तेही विचारून ठेवा. पण इथेच येत नसेल तर तिकडे यायची आशा धरू नका.

५) बँकेत ईमेल नोंदवलेला आहे का, अॅपमधून मंजुरी देता येते का, हे बघून घ्या. प्रीपेड सिम असेल तर व्हॅलिडिटी सहा महिने पुरेल असं रिचार्ज. आई-बाबांचा नंबर परदेशात असताना बंद पडला की तो परत चालू करायला इथे दुकानात जावं लागतं आणि जाणार कोण.

तपासा: मुलाला किंवा मुलीला तीन गोष्टी आत्ताच विचारा. त्यांच्याकडे कुठली मोबाइल कंपनी आहे, घर स्वतःचं आहे की भाड्याचं, आणि अंगणात उभं राहिल्यावर फोन लागतो का.

३. पोचल्यावर आधी मोजा, कांड्या मोजू नका

कांड्यांवर विश्वास ठेवू नका, प्रत्येक फोन त्या आपल्या मर्जीने दाखवतो. आकडा बघायचा. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्ज, अबाउट फोन, मग सिम स्टेटस, तिथे सिग्नल स्ट्रेंग्थ डीबीएममध्ये (सिग्नलची ताकद मोजायचं माप) मिळते. आयफोनमध्ये *३००१#१२३४५#* लावून कॉलचं बटण दाबलं की फील्ड टेस्ट उघडतं, त्यात आरएसआरपी शोधा, ४जीच्या सिग्नलच्या ताकदीचा आकडा तोच.

आकडा उणे असतो. शून्याच्या जवळ म्हणजे चांगला. -८५ म्हणजे मस्त, -१०० ला काम चालतं, -११० ला कॉल तुटायला लागतात, -१२० म्हणजे नावापुरतं. आणि हे आकडे सरळ वजाबाकीचे नाहीत, ३ डीबी वाढले की ताकद दुप्पट, १० वाढले की दहापट. त्यामुळे -११० आणि -१०० मध्ये फरक दहाचा दिसतो, असतो दहापटीचा.

मोजायचं कसं: वायफाय बंद करा. एका जागी उभे राहा, एरोप्लेन मोड दहा सेकंद लावून काढा, एक मिनिट थांबा, मग आकडा कागदावर लिहा. झोपायची खोली, बेसमेंटचा जिना, वरच्या मजल्याच्या सगळ्या बाजूंच्या खिडक्या, घराबाहेर चारी दिशा. भारतीय सिमवर एकदा आणि मुलाच्या फोनवर एकदा, कारण आपलं सिम रोमिंगमध्ये कुणाच्या टॉवरवर बसेल ते आपली इथली कंपनी ठरवते, मुलाची कंपनी वेगळी असू शकते. फोनच्या वरच्या कोपऱ्यात जे नाव येतं तेही आकड्याशेजारी लिहा. हा कागद सांभाळा, पुढे प्रत्येक पायरीला लागणार आहे.

तपासा, आणि इथे स्वतःला फसवू नका:
• बाहेर -१०० च्या आसपास, आत -११५ किंवा काहीच नाही: बूस्टरचा खरा उपयोग इथे.
• बाहेरही -११० च्या खाली: एकाच दिशेने पकडणारा अँटेना लागेल, आणि तरी एखादी खोलीच भरेल.
• बाहेर सगळीकडे -१२० किंवा नो सर्व्हिस: बूस्टर घेऊ नका.
• आत -९० आहे पण नेट हळू: टॉवरवर गर्दी आहे, रेंजचा प्रश्नच नाही, बूस्टरने काही बदलणार नाही.

४. बूस्टरशिवाय भागतंय का ते बघा

नेटवर्क ऑटोमॅटिकवरून काढून हाताने दुसरं निवडून बघा, पॅकमध्ये चालत असेल तर. बरेचदा आपलं सिम कमजोर टॉवरला चिकटून बसलेलं असतं आणि दुसऱ्या कंपनीची रेंज घरात मजबूत असते. काम झालं.

तिकडे घरोघरी वायफाय दणदणीत असतं. स्थानिक प्लॅनचं ईसिम (कार्डाशिवायचं, फोनमध्येच भरलं जाणारं सिम) घेतलं तर त्याचं वायफाय कॉलिंग चालू करा, स्थानिक कॉलचा प्रश्न मिटला. भारतीय सिम दुसऱ्या खणात फक्त ओटीपीपुरतं. आणि फक्त ओटीपीच हवा असेल तर मोजणीत जिथे रेंज सापडली त्या वरच्या खिडकीत फोन ठेवा आणि ओटीपी मागवायचा असेल तेव्हा तिथे जा, थोडं चालणं होईल.

सावधान: वायफाय कॉलिंगवरून आणीबाणीचा कॉल केला तर पत्ता आपोआप जाईलच असं नाही, बरेचदा फोनमध्ये भरलेला जातो. स्थानिक सिमवर हा पत्ता मुलाच्या घराचा भरा. भारतीय सिमच्या वायफाय कॉलिंगवर ९११ लागेल असं धरून चालू नका.

एवढं करूनही बेसमेंटमध्ये फोन हवाच, नेट वारंवार जातं, किंवा घरात आजारी माणूस आहे आणि साधा कॉल लागायलाच हवा, तर पुढे वाचा.

५. त्या देशाचा नियम, डबा घेण्याआधी

अमेरिका: घरगुती बूस्टर लावता येतो, पण एफसीसीने, म्हणजे तिथल्या सरकारी दूरसंचार नियामकाने, मान्य केलेलाच. १ मार्च २०१४ पासून नव्या अटी पाळणारेच बूस्टर विकायची मुभा आहे, त्यामुळे गॅरेज सेलमध्ये मिळालेला जुना डबा नको. आणि लावण्याआधी तो आपल्या मोबाइल कंपनीकडे नोंदवावा लागतो. कंपनीच्या साइटवर फॉर्म असतो, फुकट आहे, मुलाच्या खात्यातून होतो, मॉडेल आणि सीरियल नंबर लागतो. घरात दोन कंपन्यांची सिम असतील तर दोन्हीकडे नोंदवा. हे जवळजवळ कुणी करत नाही.

कॅनडा: अमेरिकेसारखंच, पण प्रमाणपत्र तिथल्या सरकारी खात्याचं हवं, अमेरिकेतून गाडीत टाकून आणलेला चालेलच असं नाही, डब्यावर कॅनडाचा नंबर आहे का बघा.

इंग्लंड: आधी बंदीच होती, २०१८ पासून ऑफकॉमच्या (तिथला दूरसंचार नियामक) तांत्रिक अटी पूर्ण करणारे रिपीटर परवान्याशिवाय वापरता येतात. बाकीचे अजूनही बेकायदेशीर, आणि ऑनलाइन बाकीचेच जास्त दिसतात.

ऑस्ट्रेलिया आणि जर्मनी: मोबाइल कंपनीच्या संमतीशिवाय नाही. ऑस्ट्रेलियात कंपन्या स्वतः मान्य केलेलं मॉडेल सांगतात, तेच घ्या.

बाकी देशांत, आखातात तर नक्कीच, तिथल्या मोबाइल कंपनीला आधी विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

भाड्याचं घर असेल तर घरमालकाची परवानगी वेगळी, आणि अमेरिकेत सोसायटीसारखी एचओए असेल तर छपरावर काही लावायला तिचीही. हॉटेल आणि चार दिवसांच्या भाड्याच्या घरात हा उद्योग करूच नका.

६. कोणता घ्यायचा

इथे मुलं चुकतात, आई-बाबा नाही. मुलगा आपल्या कंपनीपुरता चालणारा बूस्टर घेतो, त्याचा फोन फुल, आणि बाबांचं रोमिंगचं सिम दुसऱ्या टॉवरवर, ते आहे तिथेच. तिसऱ्या पायरीचा कागद काढा, दोन्ही सिमची नावं बघा, वेगळी असतील तर सगळ्या कंपन्यांचे बँड वाढवणाराच घ्या. एका कंपनीपुरता असलेला बूस्टर १०० डीबीपर्यंत जोर लावू शकतो, सगळ्यांसाठीचा साधारण ६५ ते ७०, म्हणून एकवाला आकर्षक वाटतो. बाहेर सिग्नल बरा असेल तर ६५ पुरतात.

मोबाइल कंपन्या इंटरनेटच्या वायरवर चालणारा छोटा टॉवर पण देतात, त्यालाही लोक बूस्टरच म्हणतात. तो जीपीएसवरून जागा तपासतो आणि त्या कंपनीच्या ग्राहकांसाठी असतो, तेव्हा पाहुण्यांच्या भारतीय सिमसाठी त्यावर पैसे घालू नका.

डब्यावर पाच हजार स्क्वेअर फूट लिहिलेलं असतं ते बाहेर सिग्नल उत्तम असतानाचं. बाहेर -१०० असेल तर एक मोठी खोली आणि जरा पॅसेज एवढीच अपेक्षा ठेवा. आणि ६०० चा बँड ७१ बऱ्याच घरगुती बूस्टरमध्ये नसतो, गावाकडच्या भागात टी-मोबाइल या तिथल्या कंपनीची मदार त्याच्यावर असते, यादीत शोधा. ५जीच्या नव्या वेगवान बँडचंही तेच, बूस्टरने मिळणार ते मुख्यतः ४जी आणि कॉल. परत करता येईल अशाच दुकानातून घ्या, बिल आणि खोका ठेवा.

७. आधी तात्पुरता लावा

भिंतीला भोक पाडायच्या आधी एक अख्खा दिवस हा प्रयोग करायचा. स्क्रू नाही, ड्रिल नाही, फक्त टेप.

१) बाहेरचा अँटेना मोजणीत सगळ्यात चांगला आकडा आला त्या बाजूला, जमेल तितका उंच. दिशेचा असेल तर तोंड टॉवरकडे.

२) आतला अँटेना ज्या खोलीत रेंज हवी तिथे. दोघांत अंतर जितकं जास्त तितकं चांगलं, आणि आडव्या अंतरापेक्षा उभं अंतर जास्त कामाचं. वर-खाली पंधरा-वीस फूट मिळाले तर उत्तम, आडवं असेल तर चाळीस-पन्नास तरी बघा. दोघांची तोंडं एकमेकांकडे नकोत. बेसमेंटवाल्यांचं इथे फावतं कारण मध्ये दोन मजले असतात.

३) वायर आधी डब्याला जोडा, दोन्ही बाजू हाताने घट्ट. बाहेरची वायर बाहेरच्या भोकात आणि आतली आतल्या, नावं छापलेली असतात तरी उलटी लागतात.

४) वीज सगळ्यात शेवटी.

सावधान: अँटेना जोडल्याशिवाय प्लग लावू नका, आणि चालू असताना वायर काढू नका. काढायची असली की आधी प्लग, मग वायर. या एका सवयीने डबे टिकतात.

५) दिवे बघा. हिरवा ठीक. लाल किंवा लुकलुकणारा केशरी म्हणजे आतल्या अँटेनाचा सिग्नल बाहेरचा पकडतोय, तो परत आत, परत बाहेर, माइक स्पीकरसमोर धरल्यावर कुईं वाजतं तोच प्रकार, आणि डबा स्वतःला वाचवायला जोर कमी करतो किंवा बंद होतो. जोर वाढवून हे सुटत नाही, अंतर वाढवूनच सुटतं. दिव्यांचा अर्थ कंपनीगणिक वेगळा असतो, पुस्तिका उघडा.

६) दिशेचा अँटेना असेल तर एकाने बाहेर तो थोडा थोडा फिरवायचा, दुसऱ्याने आत आकडा वाचायचा. प्रत्येक वेळी एरोप्लेन मोड लावून काढायचा आणि मिनिटभर थांबायचं. लोक पंख्याचा रेग्युलेटर फिरवल्यासारखा अँटेना फिरवतात आणि फोनला आकडा बदलायला वेळच देत नाहीत, मग जुना आकडा वाचून चुकीची दिशा पक्की होते.

७) जुन्या कागदावरच्या त्याच जागांचे नवे आकडे लिहा. वीसने सुधारले तर छान. नुसती कांडी वाढली आणि आकडा तिथेच असेल तर काही झालेलं नाही. आणि आकडा सुधारला तरी एक कॉल पाच मिनिटं करून समोरच्याला विचारा, माझा आवाज नीट येतोय का.

८. पक्कं बसवणं

छपरावर आई-बाबांनी चढायचं नाही. तिकडची छपरं आपल्या गच्चीसारखी सपाट नसतात, उतरती असतात, वर शिंगल्स (कौलांसारखे चपटे तुकडे) निसरडे, थंडीत बर्फ. माणूस बोलवा, पैसे द्या.

वायर जास्तीची गुंडाळून ठेवू नका, लांबीत सिग्नल मरतो, लागेल तेवढीच वापरा आणि किटबरोबर आलेलीच, टीव्हीची पडून असलेली केबल जोडू नका. घरात शिरण्याआधी वायरला खाली एक झोळ द्या म्हणजे पाणी तिथेच टपकेल, आत येणार नाही. विजेपासून वाचवणारा सर्ज प्रोटेक्टर बाहेरच्या वायरवर आणि त्याला अर्थिंग, हे ऐच्छिक समजू नका. डबा हवा खेळेल अशा कोरड्या जागी, कपाटात कपड्यांखाली नाही, तो गरम होतो.

खिडकीला आतून अँटेना चिकटवायचा बेत असेल तर काच बघा. ऊन आणि थंडी अडवायला तिकडच्या काचांवर धातूचा पातळ थर असतो, तोच सिग्नल अडवतो. भिंतीतल्या इन्सुलेशनला चकचकीत फॉइल असेल तर तेच. घरात रेंज नसण्याचं मूळ कारणही बरेचदा हेच असतं, म्हणून अँटेना काचेच्या बाहेर गेला की लगेच फरक दिसतो.

आतला अँटेना पलंगाच्या उशाशी नको. अमेरिकेच्या नियमात माणसापासून किमान २० सेंटीमीटर सांगितलंय, तुम्ही एक मीटरभर तरी ठेवा.

९. चालू झाल्यावरच्या गडबडी

कांड्या फुल, कॉल लागत नाही: बँड जुळत नाहीत, नाहीतर व्होएलटीई बंद आहे. डबा बदलण्याआधी फोन बदलून बघा.

सकाळी चालतो, संध्याकाळी नाही: टॉवरवर गर्दी. अँटेना फिरवून दुसरा टॉवर मिळतो का बघा.

अँटेनाच्या जवळ गेलं की फोन अडखळतो: आतला सिग्नल अति झालाय, किंवा बाहेरच टॉवर इतका जवळ आहे की डबा घाबरून जोर कमी करतो. जोर हाताने कमी करायची सोय असेल तर करा.

मुलाच्या फोनला आला, बाबांच्या नाही: परत पायरी दोन आणि सहा.

एकाएकी बंद: वादळवाऱ्यानंतर अँटेना हलला असेल, आधी वर बघा, मग जोड घट्ट आहेत का.

ओटीपी तरीही येत नाही: दुसऱ्या कुणाला साधा एसएमएस पाठवायला सांगा. तो आला तर बूस्टर बरोबर आहे, घोळ बँकेकडे आहे. तोही नाही आला तर सिम काढून घाला, नेटवर्क हाताने निवडा, आणि मग इथल्या कंपनीला रोमिंग चालू आहे का विचारा.

बूस्टरवरून ९११ लावलं तर जागा चुकीची कळू शकते, म्हणून घराचा पूर्ण पत्ता मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावा, आई-बाबांना तो इंग्रजीत वाचून दाखवता आला पाहिजे.

आणि मोबाइल कंपनीकडून पत्र किंवा फोन आला की तुमच्या डब्यामुळे टॉवरला त्रास होतोय, तर वाद घालू नका, आमचा मान्यताप्राप्त आहे वगैरे नंतर. आधी प्लग काढा. मान्यताप्राप्त डब्यालाही हा नियम आहे, त्रास होतोय म्हटलं की लगेच बंद करायचा आणि कारण सापडून ते दुरुस्त होईपर्यंत बंदच ठेवायचा.